धोंड्याच्या महिन्याचं बटण

तुपात सोडलेला अनारसा विरघळून पसरला की आमच्याकडे तो ‘हसला’ असं म्हणतात. एरवी हसणं चांगलं; पण अनारसा हसला की कढईपाशी दुसरं कुणी हसत नाही. हा शब्द आजवर मी फक्त स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत आलो होतो. गेल्या दोन महिन्यांत तो मला संगणकासमोर बसून इतक्या वेळा उच्चारावा लागला, की पुण्याहून फोन करणारा भाचा आता ‘हॅलो’च्या जागी ‘मामा, आज काय हसलं?’ असंच विचारतो.

बायकोचा मसाल्यांचा घरगुती व्यवसाय आहे आणि त्याला सीआरएम जोडावं की नाही, यावर आमच्याकडे फाल्गुनापासून खल चालू होता. आम्ही सांगलीचे. चौदा वर्षांपूर्वी तिनं शेजारच्या दोन घरांना वर्षाचा कांदा-लसूण मसाला करून दिला, तिथून हे सुरू झालं. आता संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीची पोती उतरतात, उन्हाळाभर गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते, आणि घरात येणारा प्रत्येक जण आधी शिंकतो, मग नमस्कार करतो. कांदा-लसूण, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट आणि अनारशाचं पीठ, एवढंच. यादी वाढवायला ती तयार नसते. ‘सगळं करणाऱ्याचं काहीच नीट होत नाही,’ असं म्हणून ती माझ्याकडे का बघते, हे मी विचारलेलं नाही.

२०२३ सालच्या जुलैत भाच्यानं तिला वर्डप्रेसवर दुकान थाटून दिलं. वर्डप्रेस २००३ सालचं. जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चारांहून अधिक त्याच्यावर चालतात, हे त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. ‘म्हणजे मंडईतच गाळा घेतलास की रे,’ असं मी म्हटलं. दुकान उघडल्यावर पहिली ऑर्डर आमच्या जावयाची आली. अनारशाचं पीठ, एक किलो. दुकान चालतंय का हे बघायला त्यानं ती केली होती, पण बायकोनं ती बोहनी मानली आणि पाकिटाला हळदकुंकू लावून पाठवलं. ही ऑर्डर लक्षात ठेवा. आम्ही विसरलो होतो.

दुकान संकेतस्थळावर असलं तरी खरा धंदा वहीत आहे. वही म्हणजे माझ्या बँकेच्या नववर्षाच्या डायऱ्या. नोकरीत होतो तोवर दर वर्षी दोन मिळायच्या. एकीत मी काही लिहीत नसे आणि दुसरी ही घेऊन जाई. सध्या सहावी चालू आहे. पानांना हळद, कडांना तेल, आणि नावापुढे तिची स्वतःची लघुलिपी. ‘तिक’ म्हणजे तिखट कमी. ‘लन’ म्हणजे लसूण नको. ‘सुवि’ म्हणजे सुनेला विचारून सांगते. ‘गोबो’चा अर्थ मला बरीच वर्षं लागला नव्हता. तो ‘गोड बोलून भाव पाडतात’ असा निघाला.

तर मार्चमध्ये भाचा लॅपटॉप घेऊन आला आणि चहा निवायच्या आत म्हणाला, “मामी, तुम्हाला आता सीआरएम पाहिजे.”

“ते काय असतं?”

“कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट.”

मी तत्परतेनं भाषांतर केलं, “गिऱ्हाइकाशी नातं सांभाळण्याचं यंत्र.”

“नात्याला यंत्र मिळतं होय?” ती म्हणाली. “मग आधी तुझ्या मामाच्या बहिणींसाठी एक आण.” मामाची बहीण म्हणजे त्याची आई. तो बिचारा चहात बघू लागला.

मला वाटलं, विषय मिटला. मी मनातल्या मनात वहीच्या बाजूनं एक छोटं भाषणही तयार केलं होतं, माणसाच्या अक्षरातली ऊब वगैरे. पण तिनं पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि विचारलं, “त्यात धोंड्याच्या महिन्याचं बटण आहे का?”

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक मास. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं आणि सौर वर्ष ३६५चं. दर वर्षी पडणारं हे अकरा दिवसांचं अंतर भरून काढायला साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांगात एक जादा महिना घालतात. या खगोलाचा आमच्या घराशी संबंध येतो तो जावयांमुळे. अधिकात जावयाला वाण द्यायचं, तेही तेहतिसाच्या हिशेबानं, आणि त्यात अनारशांना पहिला मान. एरवी वर्षभर महिन्याला दोन किलो खपणारं पीठ त्या महिन्यात पोत्यानं जातं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, दळायचे, गुळात मळून मुरत ठेवायचे. म्हणजे गिऱ्हाइकाला महिना लागल्यावर आठवण करून उपयोग नाही, पंधरा-वीस दिवस आधी करायला हवी. आणि महिना दर वेळी वेगळा. २०१८ला ज्येष्ठ, २०२०ला आश्विन, २०२३ला श्रावण, आणि यंदा २०२६ला पुन्हा ज्येष्ठ, १७ मेपासून. म्हणजे ऐन मसाल्याच्या हंगामात, मिरच्यांच्या पोत्यावर तांदळाचं पोतं.

भाच्यानं चष्मा सारखा केला. “बटण नाहीये मामी. वाढदिवसाचं आहे. सोडून दिलेल्या खरेदीचं आहे. बरेच दिवस न आलेल्या गिऱ्हाइकाचं आहे.”

“दिवाळीचं?”

“दिवाळी... तारीख टाकायची.”

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. २०२४ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ला २१ ऑक्टोबरला आणि यंदा ८ नोव्हेंबरला आहे. ‘दर वर्षी याच तारखेला’ असं यंत्राला सांगितलं तर ते एखाद्या वर्षी तुळशीच्या लग्नात उटण्याची आठवण करून देईल. या विषयातल्या मोठमोठ्या परदेशी कंपन्यांनी गिऱ्हाइकाच्या मनाचा इतका अभ्यास केला आहे, पण चंद्राकडे कुणी पाहिलेलं दिसत नाही.

एवढ्यावर ती नको म्हणेल असं मला वाटलं होतं. इथे एक कबुली द्यायला हवी. मला ते यंत्र नको होतं, कारण ते यंत्र मीच होतो. निवृत्तीनंतर दर एप्रिलात वही मांडीवर घेऊन फोन करायचं काम माझ्याकडे आहे. ‘नमस्कार, सांगलीहून बोलतोय, मसाला संपत आला असेल ना?’ एका फोनला सरासरी अकरा मिनिटं लागतात. त्यातली दोन मसाल्याची, उरलेली गुडघ्याची. इस्लामपूरच्या एका काकांना तर मसाला नकोच असतो, पण पावसाचं काय म्हणताय ते विचारल्याशिवाय ते फोन ठेवत नाहीत. भाचा ज्याला ऑटोमेशन म्हणतो ते आमच्याकडे चालू होतंच. फक्त ते दुपारी दीड ते चार झोपायचं.

“अहो, दिवसाला तुमचे पंधरा फोन होतात,” ती म्हणाली. “नावं अकराशे चाळीस. शेवटचीला फोन जाईपर्यंत ती दुसरीकडून घेऊन मोकळी होते.” या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बँकेत मी चौतीस वर्षं हिशेबच केले.

व्हॉट्सॲपचा उपाय तिनं करून झाला होता. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ माणसं मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनात जतन केलेला आहे त्यांनाच निरोप पोचतो. निम्म्या बायकांनी तो ‘मसाला सांगली’ या नावानं ठेवलेला, उरलेल्यांनी ठेवलेलाच नाही. शिवाय तिला कळलेली एक गोष्ट मला फोन करून करूनही कळली नव्हती. मसाला खातात आईवडील, पण तो मागवतात पुण्या-बंगळुरात बसलेल्या मुली, आणि त्या मुली कचेरीत ईमेल उघडून बसलेल्या असतात. मी ज्यांच्या गुडघ्यांची चौकशी करत होतो ते पैसे भरणारे नव्हतेच.

मग प्रश्न उरला यंत्र कुठलं आणि ते कुठे ठेवायचं. भाच्यानं कागदावर दोन घरं काढली. एक भाड्याचं. मेलचिंप, हबस्पॉट, झोहो अशा सेवांमध्ये तुमची यादी त्यांच्याकडे राहते, सगळी उस्तवार ते करतात, आणि नावं वाढतील तसं भाडं वाढतं. काही ठिकाणी तर ज्यांनी ‘आम्हाला मेल नको’ म्हणून सांगितलं त्यांचीही नावं मोजतात. म्हणजे घर सोडून गेलेल्याची पाणीपट्टी आपण भरायची. दुसरं घर स्वतःचं. आपल्याच वर्डप्रेसमध्ये एक प्लगइन बसवायचं, सगळी नावं आपल्याच डेटाबेसात राहतात, नावं हजार असोत की दहा हजार, बहुतेक प्लगइनांचं शुल्क तेच. यातही निवड होती. मेलपोएट, ग्राउंडहॉग, आणि त्याच्या मनात भरलेलं फ्लुएंटसीआरएम. हे शेवटचं २०२० साली बाजारात आलं, आणि ते करणारी मंडळी बांगलादेशातल्या सिल्हेटची आहेत. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं. म्हटलं, भात खाणारी माणसं आहेत, समजून घेतील. मॉटिक नावाचं आणखी एक होतं, फुकट आणि भारदस्त. पण ते वर्डप्रेसबाहेर वेगळं बसवावं लागतं म्हटल्यावर बायकोनं ‘गाईसाठी गोठा बांधायचा की गोठ्यासाठी गाय आणायची’ एवढंच विचारलं.

भाड्याच्या आणि स्वतःच्या घराच्या या वादात मी अचानक बाजू बदलली. त्याला कारण नाशिक. वडिलांच्या अस्थी घेऊन पंचवटीत गेलो होतो तेव्हा तिथल्या तीर्थोपाध्यायांनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, आत गेले, आणि कापडात बांधलेली एक लांबट वही घेऊन आले. तिच्यात माझ्या पणजोबांची मोडीतली सही होती. कोण, कुठल्या गावाहून, कशासाठी, कुणाकुणाला घेऊन आलं, सगळं नोंदलेलं. गावाप्रमाणे वर्गवारी, आडनावाप्रमाणे पोटवर्गवारी, आणि नव्या नोंदीसाठी यजमानाची स्वतःच्या हातची सही. भाचा ज्याला सेगमेंट आणि संमती म्हणतो ते त्या लाल कापडात बांधलेलं होतं. त्या वह्या त्या घराण्यांत वाटणीला येतात, शेतासारख्या. त्या कुणा तिऱ्हाइताच्या गोदामात दर महिना भाड्यानं ठेवा, असं त्यांना सांगायची माझी छाती झाली नसती. म्हटलं, बायकोची वही तरी का ठेवावी?

“मामा, पण स्वतःचं घर म्हणजे नळ गळला तर प्लंबर आपणच,” भाच्यानं बजावलं. मी हसलो. म्हणजे साधा हसलो.

वही संगणकात उतरवायला मला सहा आठवडे लागले. बँकेच्या खातेवह्या संगणकात गेल्या तेव्हा मी त्या कामात होतो, त्यामुळे मला त्याचा माज होता. तो तिसऱ्या दिवशी उतरला. वहीत नाव लिहायची एक पद्धत नव्हती. कुठे ‘पाटील वहिनी (बँक)’, कुठे ‘निळं गेट’, कुठे नुसतं ‘हिची मावशी’, आणि ‘ही’ कोण ते मागच्या पानावर. काही नावांवर एक सरळ रेघ मारलेली होती. “त्या ओळी घेऊ नका,” ती म्हणाली. एका रेघेखाली वेगळ्या शाईत लिहिलेलं होतं, ‘मुलगा घेतो, तिक.’ ती ओळ घेतली.

लघुलिपीचे मी टॅग केले. प्लगइनमध्ये प्रत्येक माणसाला हवे तेवढे टॅग लावता येतात आणि मग ‘तिखट कमी, लसूण नको, कर्नाटकात राहणारे’ अशी माणसं एका टिचकीसरशी वेगळी निघतात. हे मला मनापासून आवडलं. पण ‘गोबो’पाशी मी थबकलो. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, गेल्या नोव्हेंबरात त्याचे नियमही आले, आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. त्यात माणसाला आपल्याविषयी काय माहिती ठेवली आहे ते विचारायचा आणि ती पुसून टाकायला सांगायचा हक्क आहे. गंमत अशी, की हा कायदा डिजिटल माहितीला लागतो. कागदावरच्या माहितीला, ती संगणकात उतरवली की मग. म्हणजे चौदा वर्षं वहीत निर्धास्त झोपलेलं ‘गोबो’ मी टंकलं की कायद्याच्या कक्षेत येणार. उद्या विश्रामबागच्या त्या ‘गोबो’वाल्या बाईंनी ‘माझ्यापुढे काय लिहिलंय ते दाखवा’ म्हटलं तर? मी बायकोला विचारलं. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “ते राहू दे वहीतच.” आमची पहिली डेटा पॉलिसी ही अशी ठरली.

मेल पाठवायचं काम प्लगइन स्वतः करत नाही, हे मला उशिरा कळलं. ते पाकिटं भरतं. टपाल दुसऱ्यानं न्यायचं. त्यासाठी ॲमेझॉनची एसईएस नावाची सेवा घेतली. हजार मेलला दहा सेंट, म्हणजे आमच्या मेलचा पत्ता असलेल्या ६१२ माणसांना एक निरोप पाच-सहा रुपयांत. माझ्या एका फोनवरच्या गुडघ्यालाही याहून जास्त खर्च येत असेल. पण नव्या खातेदाराला ते आधी कुंपणात ठेवतात, दिवसाला २०० मेल, तीही तपासून घेतलेल्या पत्त्यांवरच. कुंपणाबाहेर यायचं तर अर्ज करून सांगायचं, की हे पत्ते तुम्ही मिळवले कसे. मी इंग्रजीत बँकेच्या थाटात मसुदा करायला बसलो. ती मागून म्हणाली, “त्यात काय एवढं? सांगा, प्रत्येकीशी मी बोललेली आहे.” तेच लिहिलं. तेच खरं होतं. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी सुमारे चारशे अनोळखी लोकांना संगणकाची जाहिरात एकदम मेल केली, तेव्हापासून हा प्रश्न विचारायची पाळी जगावर आली आहे. त्यांना कुणी वेळेवर विचारला नाही.

पुढचं पाऊल म्हणजे ओळखपत्रं. आपल्या डोमेनच्या नावानं कोण मेल पाठवू शकतं त्याची यादी, पाकिटावर न दिसणारी मोहोर, आणि मोहोर नसलेलं पाकीट आलं तर काय करावं याची सूचना. तिघांची नावं एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झालेत. हे सगळं भाच्यानं फोनवरून सांगितलं आणि मी टंकलं. एक टिंब राहिलं. दोन दिवस आमची सगळी मेल स्पॅममध्ये पडत होती. “हसलं,” मी कळवलं.

मग घड्याळाचा प्रसंग. सकाळी दहाला जाईल अशी चाचणीची मेल मी लावून ठेवली. दहा वाजले, साडेदहा झाले, अकरा. काही नाही. प्लगइन पुन्हा बसवायच्या बेतात होतो, तेवढ्यात भाच्यानं फोनवर विचारलं, “मामा, आज साइटवर कुणी आलं होतं का?”

“सकाळपासून कुणीच नाही.”

“मग कसं जाईल?”

निघालं ते असं. वर्डप्रेसला स्वतःचं घड्याळ नाही. कुणी पाहुणा पान उघडायला आला की ते जागं होतं आणि ‘अरे, आपल्याला दहाला काहीतरी करायचं होतं’ असं आठवून कामाला लागतं. मोठ्या साइटवर क्षणाक्षणाला माणसं येतात, तिथे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे दुपारी चिटपाखरू नसतं, तिथे निरोप दाराशी बसून राहतो. मला हे यंत्र पहिल्यांदाच जवळचं वाटलं. आमच्या ऑफिसातही साहेब फिरकले की मगच फाइल हलायची. होस्टिंगच्या खऱ्या घड्याळाला जोडून भाच्यानं ती सोय केली. आता दर पाच मिनिटांनी ते स्वतःच स्वतःला हाक मारतं. बायकोला समजावून सांगितलं तर म्हणाली, “मग त्या पाच मिनिटांवाल्याला तुमच्या दुपारच्या झोपेचंही बघायला सांगा.”

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘नमस्कार’च्या पुढच्या शब्दात. या प्लगइनमध्ये महिरपी कंसात खूण ठेवली की तिथे ज्याचं त्याचं पहिलं नाव येऊन बसतं. त्यामुळे मेलला आपलेपणा येतो म्हणतात. चाचणीची पहिली मेल मीच मला पाठवली. तीत आपलेपणानं माझं आडनाव आलं, कारण वही उतरवताना माझा रकाना सरकला होता. तो दुरुस्त केला. मग बायकोनं यादीतल्या सगळ्यात वडील गिऱ्हाइकाचं नाव घालून बघायला सांगितलं. पडद्यावर ‘प्रिय’ आणि त्यापुढे त्या आजींचं पहिलं नाव उमटलं, गेल्या साठ वर्षांत ज्या नावानं त्यांना फक्त माहेरच्यांनी हाक मारली असेल असं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. एखाद्या परक्या पोरानं घरात घुसून आजीच्या पाठीवर थाप मारावी तसं ते दिसत होतं.

“हे नाही चालायचं,” ती म्हणाली.

प्लगइनमध्ये नावाआधी मिस्टर, मिसेस लावायची सोय होती. पण आमच्या गिऱ्हाइकांत मिसेस कुणीच नाही. काकू आहेत, आजी आहेत, ताई, वहिनी, मावशी, ‘सर’ आणि एक ‘डॉक्टरीणबाई’ आहेत, ज्या डॉक्टर नसून डॉक्टरांच्या पत्नी आहेत आणि तसं न म्हटल्यास रागावतात. म्हणून ‘संबोधन’ असा स्वतंत्र रकाना केला आणि ६१२ नावांपुढे एकेक संबोधन लिहायला ती माझ्या शेजारी बसली. मी वयावरून अंदाज बांधायचो, ती खोडून काढायची. “त्यांना काकू म्हणू नका, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या आहेत.” “यांना ताई. काकू म्हटल्यापासून ऑर्डर कमी झालीय.” तीन संध्याकाळी यात गेल्या. या तीन संध्याकाळींत मला जेवढी माणसं कळली तेवढी इतक्या वर्षांच्या फोनांत कळली नव्हती. आणि हे काम जगातलं कुठलंही यंत्र करणार नाही याची मला खात्री पटत होती, तोच भाचा म्हणाला, एकदा भरलं की आता हे कायमचं झालं, मामा.

मेल कुणी उघडली, किती वाजता, हेही ते प्लगइन दाखवतं. मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक टिंबाएवढं चित्र असतं, ते उघडलं गेलं की इकडे वर्दी लागते. बायकोला हे समजल्यावर ती दोन दिवस पडद्याशीच होती. “बघा, त्यांनी तीनदा उघडलं आणि घेतलं नाही. सुवि.” पण ॲपलनं २०२१मध्ये आपल्या मेलमध्ये अशी चित्रं परस्पर उघडून ठेवायची सोय केली, तेव्हापासून या आकड्यांवर फार विसंबता येत नाही. फोनच मेल उघडतो, माणूस नाही. मी हे सांगितल्यावर ती हिरमुसली. मला विचाराल तर आपल्या पत्राचं पाकीट कुणी फोडलं हे दाराच्या फटीतून बघणं मला तितकंसं बरंही वाटत नव्हतं. ते वर्दीचं टिंब मी बंद करून टाकलं. तिला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा कळेल.

एप्रिलच्या शेवटी धोंड्याचा निरोप तयार झाला. बटण नव्हतंच, म्हणून कॅलेंडर समोर ठेवून तारीख हातानं घातली. पुढची कितीशी लांब असेल म्हणून पाहिली, तर पावणेतीन वर्षांनी. मजकूर तिनं सांगितला, मी लिहिला. ‘धोंड्याचा महिना १७ मेपासून लागतो आहे. जावयाला विसरू नका. मुरलेलं अनारशाचं पीठ आतापासून मिळेल.’ कुणाला पाठवायचं, याचा नियम भाच्यानं लावला. मागच्या अधिकात, म्हणजे जुलै-ऑगस्ट २०२३मध्ये, ज्यांनी अनारशाचं पीठ घेतलं ते सगळे. यात चूक काढायला कुणाला जागा नव्हती. १ मे रोजी सकाळी दहाच्या ठोक्याला, कुणी पाहुणा यायची वाट न बघता, मेल गेली.

दुपारपर्यंत सव्वीस ऑर्डरी आल्या. मी फोनवर बसलो असतो तर तेवढ्या वेळात इस्लामपूरला पाऊस पडला असता. मी थोडा खट्टू होतो, हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं न मागता चहा दिला.

साडेतीनला एका मेलचं उत्तर आलं. आमच्या मेलची सुरुवात त्याखाली जशीच्या तशी दिसत होती, ‘नमस्कार जावईबापू’. संबोधनाचा रकाना तिनं स्वतः भरला होता. त्याखाली ओळ, ‘जावयाला विसरू नका.’ आणि वर आमच्या जावयाचं उत्तर: ‘आई, नाही विसरणार. किती किलो घेऊ?’

बोहनीची ती एक किलोची ऑर्डर २०२३च्या अधिक श्रावणातली होती. यंत्र नियमाला धरून वागलं होतं.

मी ‘हसलं’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, “त्यांचं पान उघडा.” मी उघडलं. खाली शेऱ्यासाठी एक चौकट असते. तिनं कीबोर्ड ओढून घेतला आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टंकलं: ‘पीठ पाठवू नये. तयार अनारसे.’ आणि तशीच आत जाऊन तांदूळ मोजू लागली.

पहिल्या घाण्यातले दोन हसले. ते माझ्या ताटलीत आले.